थकव्याची स्थळपाहणी

दीर्घकालीन थकवा विकारावर संशोधन व्हावे, त्या संशोधनाला निधी मिळावा आणि निधी मिळाल्याचे चार लोकांना कळावे, अशा उदात्त हेतूने आरोग्य खात्याने एक समिती नेमली. नियम करताना खात्याने कसलीही कसूर ठेवली नाही. समितीवर रुग्णांचा एक प्रतिनिधी असावा, तो खरोखर आजारी असावा आणि त्याने प्रत्येक बैठकीला जातीने हजर राहावे. एका जरी बैठकीला तो आला नाही, तर त्याला या विषयात रस नाही असे समजून त्याचे सदस्यत्व आपोआप रद्द व्हावे. समितीचे दालन तिसऱ्या मजल्यावर होते. इमारतीला लिफ्ट होती, पण ती फायलींसाठी राखीव होती.

रुग्ण प्रतिनिधीचा मान पीटीबाईंच्या वाट्याला आला. बाईंनी हयातभर एका शाळेत मुलांकडून कवायत करून घेतली होती. त्यांची शिट्टी वाजली की पलीकडच्या गल्लीतली माणसेसुद्धा सावधान उभी राहायची. मग एकदा ताप आला. ताप गेला, पण जाताना तो अंगातले सगळे बळ बरोबर घेऊन गेला, ते काही परत आले नाही. आता केस विंचरले की बाईंना आडवे व्हावे लागे. शाळेने निरोपाचा नारळ दिला, तोही नवऱ्याला घरी उचलून आणावा लागला.

या आजाराची एक खोड होती. आज केलेले श्रम आज दिसत नसत, ते उद्या अंगावर येत. बैठक ठरली की बाई आधीचे कित्येक दिवस अंथरुणाला पाठ लावून पडून राहत. बोलणे कमी, चालणे बंद, आंघोळसुद्धा वाचवायची. असे ताकदीचे चार पैसे गाठीला बांधून त्या बैठकीला जात आणि तेवढा वेळ चारचौघांसारख्या दिसत. दुसऱ्या दिवशी खेळ खलास. नवरा खिडक्यांचे पडदे ओढून घेई आणि कपात चमचाही हळू ढवळे, कारण तो आवाज बाईंच्या डोक्यात घणासारखा वाजे. त्याचे चष्म्याचे दुकान होते. दिवसभर लोकांना स्पष्ट दिसण्याची सोय करून तो घरी येई, आणि घरातले मात्र कोणाला दिसत नसे.

एवढा आटापिटा बाई का करत होत्या, तर एका फ्रीजरसाठी. शहरातल्या एका डॉक्टरीणबाईंनी, ज्यांना सगळे रुग्ण मायेने रक्तवाली म्हणत, वर्षानुवर्षे अशा रुग्णांचे रक्त जमवले होते, श्रमाच्या आधीचे आणि दुसऱ्या दिवशीचे. दुसऱ्या दिवशीच्या रक्तात काहीतरी वेगळे दिसते, असे त्यांचे म्हणणे होते. ते नक्की काय, हे तपासायला पैसे हवे होते. नळ्या ज्या फ्रीजरमध्ये होत्या तो समितीच्याच कार्यालयाचा, उसना दिलेला. यंदा निधी मिळाला नाही तर फ्रीजर परत करायचा होता. त्यातल्या काही नळ्या अशा माणसांच्या होत्या, की जी आता सुईसाठी हातसुद्धा पुढे करू शकत नव्हती. काही तर या जगातच नव्हती.

बरे होण्याची आशा बाईंना होतीच, पण त्याहून मोठी एक हाव होती. ही बाई ढोंग करत नाही, असे कोणीतरी एकदा शास्त्राच्या भाषेत म्हणावे आणि ते आपण नणंदेला ऐकवावे.

नणंद शेजारच्या गल्लीत राहत असे. मनाने वाईट नव्हती. बैठकीला बाईंना गाडीतून तीच नेई, काखेत हात घालून जिना चढवी आणि मदतनीस म्हणून दालनात बसून चहा-बिस्किटांचा समाचार घेई. फक्त तिचे एक ठाम मत होते आणि ते ती गाडीत, जिन्यावर आणि दालनातही मांडत असे.

"वहिनी, थकवा कोणाला येत नाही गं? मला नाही येत? पण मी बोलून दाखवत नाही, एवढंच."

समितीचे अध्यक्ष वजनमापे खात्यातून निवृत्त झालेले होते. आरोग्याशी त्यांचा संबंध नव्हता, त्यामुळे ते निःपक्षपाती समजले जात. पहिल्याच बैठकीत त्यांनी पीटीबाईंना आपादमस्तक न्याहाळले आणि रुग्ण प्रतिनिधी प्रसन्न दिसल्या, अशी नोंद करायला लेखनिकाला सांगितले. मग रक्तवालीबाईंचा प्रस्ताव पुढे आला.

"जे काट्यावर चढत नाही, ते आहे असं मी सही करून कसं म्हणू?" अध्यक्षांनी विचारले.

काटा बनवण्यासाठीच तर पैसे मागते आहे, असे रक्तवालीबाई म्हणाल्या. अध्यक्षांनी त्यांना समजावले की जी वस्तू आहे की नाही हेच ठाऊक नाही, तिच्यासाठी काटा बनवला तर लेखापरीक्षणात आक्षेप येतो. आधी आजार सिद्ध करा, मग पैसे घ्या. सिद्ध करायलाच पैसे लागतात, असे रक्तवालीबाईंनी पुन्हा सांगितल्यावर अध्यक्षांनी 'परस्परविरोधी मागणी' असा शेरा मारला आणि पुढचा विषय घेतला.

पुढचा विषय जागृतीताईंचा होता. या एका जनजागरण संस्थेच्या अध्यक्षा. त्यांनी आजवर अनेक आजारांची जागृती केली होती आणि एकही आजार अंगाला लावून घेतला नव्हता. त्यांचे म्हणणे, प्रत्येक आजाराला आपली फीत असते, थकव्यालाच का नसावी? फितीच्या रंगावर बैठकीचा बहुतेक वेळ गेला. पीटीबाईंनी राखाडी सुचवला. तो फारच थकलेला वाटतो म्हणून फेटाळण्यात आला आणि एकमताने पोपटी ठरला. त्यानंतर ताईंनी थकवाग्रस्तांसाठी भव्य दौड काढण्याचा प्रस्ताव मांडला.

धावायचे कोणी, असे बाईंनी विचारले.

"सगळ्यांनी," ताई म्हणाल्या, "रुग्णांनी तर आवर्जून. त्यांनाच पुढे ठेवू."

अध्यक्षांनी मान डोलावली. लोकांना आजार माहीतच नसेल तर संशोधन करून सांगायचे कोणाला, हा त्यांचा मुद्दा बिनतोड होता. जागृती आधी, संशोधन नंतर. दौडीला तिथल्या तिथे मंजुरी मिळाली. दौड झाल्यावर रक्ताचा विषय नक्की घेऊ, असे आश्वासन मिळाल्याने बाईंनीही हात वर केला. तो हात वर धरणे त्यांना किती महागात पडले ते दुसऱ्या दिवशी नवऱ्याने पाहिले.

दौड थाटात झाली. पोपटी बनियनमधली शेकडो धडधाकट माणसे जमली, त्यांनी थकव्याविरुद्ध घोषणा दिल्या. बाईंखेरीज रुग्ण एकही आला नाही. या लोकांत उत्साहच नसतो, अशी खंत जागृतीताईंनी ध्वनिक्षेपकावरून व्यक्त केली. बाईंना चाकाच्या खुर्चीत बसवून आणले होते, कारण दौड सुरू करण्याचा मान त्यांचा होता. त्यांच्या हातात शिट्टी दिली आणि तिथेच घात झाला. इतक्या वर्षांची सवय. शिट्टी हातात आल्याबरोबर बाई ताठ उभ्या राहिल्या, छाती भरून श्वास घेतला आणि अशी शिट्टी मारली की मैदानाबाहेरची माणसेही पळू लागली. नेमका तोच फोटो छापून आला. त्यानंतर बाई कशा कोसळल्या, हे छापायला फोटोवाला थांबला नव्हता.

पुढच्या बैठकीत अध्यक्षांनी तो फोटो टेबलावर ठेवला. गाल फुगलेले, मान ताठ, डोळ्यांत तेज.

"बाई, याला आम्ही थकवा म्हणायचं?"

नणंदेने बिस्कीट चहात बुडवता बुडवता हळूच मान हलवली. बाईंच्या अंगाची लाही लाही झाली. पण चिडायलाही ताकद लागते, आणि ती त्यांना बोलण्यासाठी हवी होती. त्या शांतपणे म्हणाल्या, "साहेब, तुम्ही मला नेहमी चुकीच्या दिवशी बघता. उद्या घरी या. उद्या बघा."

अध्यक्ष विचारात पडले. वजनमापे खात्यात दुकानावर जाऊन पाहिल्याशिवाय त्यांनी कधी कोणाला दोषी ठरवले नव्हते. स्थळपाहणी हा त्यांच्या आयुष्यातला एकमेव आवडता शब्द होता. त्यांनी स्थळपाहणी मंजूर केली. परतताना गाडीत बाई डोळे मिटून हसत होत्या. इतक्या दिवसांत कोणीही त्यांना बैठकीच्या दुसऱ्या दिवशी बघायला आले नव्हते.

बाईंचे घर चौथ्या मजल्यावर, आणि तिथे फायलींसाठीही लिफ्ट नव्हती. अध्यक्ष, जागृतीताई आणि लेखनिक जिना चढून आले तेव्हा तिघांच्याही तोंडाला फेस आला होता. दार नणंदेने उघडले. आतल्या खोलीत पडदे ओढलेले, कुठेही आवाज नाही. बाई पलंगावर पडल्या होत्या, डोळ्यांवर ओली घडी. मान वळवणे त्यांच्याने होत नव्हते. ओठ हलत होते, पण शब्द फक्त नवऱ्याच्या कानापर्यंत पोचत होते. "आले का?" एवढेच त्या विचारत होत्या.

आले होते. अध्यक्षांनी आरामखुर्चीत अंग टाकले आणि पाणी मागितले. डोळ्यांपुढे अंधारी आल्याचे त्यांनी सांगितले, वास्तविक खोलीतच अंधार होता. जागृतीताई पलंगाच्या पायथ्याशी बसून स्वतःच्या पोटऱ्या चेपू लागल्या. लेखनिक भिंतीला टेकून जमिनीवरच बसला. अशी शांतता त्या तिघांच्या नशिबी बऱ्याच दिवसांत आली नव्हती. थोड्याच वेळात अध्यक्ष घोरू लागले. त्यांना उठवणे शिष्टाचाराला धरून झाले नसते, म्हणून सगळे ताटकळत बसले, आणि त्या घोरण्याचा एकेक घाव बाई मुकाट्याने डोक्यात घेत राहिल्या.

जागे झाले तेव्हा अध्यक्ष पार बदललेले होते. कपाळाचा घाम पुसत ते म्हणाले, "आजवर मी संशय घेतला, माझं चुकलं. थकवा आहे. अगदी खरा आहे."

नवऱ्याचे डोळे भरून आले. "पाहिलंत ना साहेब?"

"पाहिलं काय," अध्यक्ष म्हणाले, "अनुभवला."

घडीखालून बाईंच्या कानशिलावर पाणी ओघळले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांना हलके वाटले. रक्तवालीबाईंना कळवा, असे त्या नवऱ्याला सांगत राहिल्या आणि सांगता सांगता त्यांचे ओठ थांबले.

समितीची अंतिम बैठक लगेच दोन दिवसांनी ठेवण्यात आली. अध्यक्षांना हा विषय आता जिव्हाळ्याचा झाला होता. बाईंना मात्र कूसही बदलता येत नव्हती. वहिनी येऊ शकत नाही, हे सांगायला नणंद गेली. जिना एकटीने चढल्याने ती दमली होती आणि तिने ते दालनात बोलून दाखवले.

अहवाल वाचण्यात आला. समितीने प्रत्यक्ष स्थळपाहणी केली असता उपस्थितांमध्ये थकवा निर्विवादपणे आढळून आला. अध्यक्षांमध्ये तो तीव्र, जागृतीताईंमध्ये मध्यम आणि लेखनिकामध्ये पदानुसार सौम्य स्वरूपाचा होता. रुग्ण प्रतिनिधी झोपलेल्या असल्यामुळे त्यांची पाहणी होऊ शकली नाही. आजार सिद्ध झाला असल्याने त्यावर आणखी संशोधनाची गरज उरली नव्हती, गरज होती ती उपचाराची. सबब, संपूर्ण निधीतून दालनाला लागून एक विश्रांती कक्ष उभारावा, त्यात आरामखुर्च्या आणि जाड पडदे असावेत, आणि गार पाण्यासाठी कार्यालयाचा उसना दिलेला फ्रीजर तातडीने परत मागवावा, असे ठरले. नळ्यांचे काय करायचे असे रक्तवालीबाईंनी विचारले. त्यांची नियमानुसार विल्हेवाट लावण्यात येईल आणि तशी पोच तुम्हाला मिळेल, असे उत्तर मिळाले.  रक्तवालीबाई तडक खाली गेल्या आणि आपल्या गाडीत स्टिअरिंगवर डोके टेकून बराच वेळ बसून राहिल्या.

शेवटचा विषय सोपा होता. गैरहजेरीमुळे पीटीबाईंचे सदस्यत्व नियमाप्रमाणे रद्द झाले. रिकाम्या जागेवर नणंदेची नेमणूक झाली. ती थकलेलीही होती आणि हजरही होती. रुग्णात हे दोन्ही गुण एकत्र असलेले समितीने प्रथमच पाहिले.

संध्याकाळी नणंद बाईंकडे गेली. छातीवर पोपटी फीत होती. ती पलंगावर टेकली आणि तिने बाईंचा हात हातात घेतला. तिला खरोखरच भरून आले होते.

"वहिनी, मी उगाच तुला बोलायचे गं. आता कळलं मला. अगं, मलाही तेच आहे."

बाईंनी बऱ्याच वेळाने डोळ्यांवरची घडी बाजूला केली. नळ्या कुठे आहेत, एवढेच त्यांनी विचारले. नणंदेला ते ऐकू आले नाही. कक्षात येणारी आरामखुर्ची किती मागे जाईल ते ती सांगत होती.

समितीचे काम आता वाढले आहे. विश्रांती कक्षात बसायला माणसे कमी पडतात, म्हणून आणखी काही रुग्ण प्रतिनिधी घ्यायचे ठरले आहे. त्यासाठी अर्ज नाही, तपासणी नाही, रक्त तर मुळीच लागत नाही. ही गोष्ट वाचता वाचता ज्यांच्या मनात एकदा तरी येऊन गेले असेल, की थकवा काय, तो तर आम्हालाही येतो, त्यांची निवड झालेली आहे. फक्त येताना जिना जरा सावकाश चढावा, एवढीच समितीची विनंती आहे.