पात्यासाठी राखलेलं वळण

कुणाबद्दल काही लिहावं एवढी माझी पात्रता नाही, त्याबद्दल आधीच माफी मागतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. आजवर निबंध लिहिले, तेही मार्कांपुरते. पण आमच्या शेजारच्या नामदेव आबांनी मला इतका वैताग दिला आहे, की कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही.

रस्त्यावर कुठलीही लांब वस्तू दिसली, की आबा तिच्यापुढं चालू लागतात. हातात लाल फडकं, तोंडात शिट्टी. मी एकदा कामशेतहून खांद्यावर पाण्याचा पाइप घेऊन आलो, तर फाट्यापासून घरापर्यंत आबा माझ्यापुढं.

"डावं काप! अजून काप! बास! आता शेपूट सांबाळ!"

शेपूट म्हणजे पाइपाचं मागचं टोक. सगळी वस्ती दारात येऊन हसत होती. ताईच्या लग्नात तर त्यांनी नवरदेवाची गाडी वळणावर इतक्या वेळा पुढंमागं करायला लावली, की नवरदेव खाली उतरून म्हणाला, "आबा, मी आपला चालत येतो."

"तुमी या चालत. पन गाडी नीट वळू द्या."

त्याचं कारण असं, की आबांची उमेदीची वर्षं पवनचक्क्यांची पाती नेणाऱ्या ट्रेलरपुढं चालण्यात गेली. पठारांवरच्या पवनचक्क्यांसाठी ती पाती रस्त्यानं यायची. ट्रेलर हळूहळू सरकायचा, आणि पुढं आबा. वायर उचल, फांदी बघ, वळण मोजून दे. एका गावात वरच्या साहेबांनी न विचारता एका म्हातारीचा शेवगा तोडला आणि ती ट्रेलरपुढं आडवी झाली. सगळं गाव तिच्या बाजूनं बसलं. शेवटी आबा तिच्याजवळ जाऊन बसले, तिच्या घरची भाकरी खाल्ली, माफी मागितली, तेव्हा कुठं चाक हललं. तेव्हापासून त्यांचं एकच पालुपद: "आदी इचारायचं, मंग वळवायचं."

इथवर मी सहन केलं असतं. पण त्यांचा मुलगा किरण दक्षिणेकडं पाती बनवण्याच्या कारखान्यात लागला. सरकार आता समुद्रात पवनचक्क्या उभारणार, हे त्यानंच फोनवर सांगितलं. वर म्हणाला, "गुजरातच्या समुद्रासाठी पातं निघालं, की त्याच्यासंगं मीच येतो आबा. आपल्या दारावरनं."

तो सहज बोलला असेल. आबांनी त्याच दिवशी आमचं वळण ताब्यात घेतलं. आमची वस्ती जुन्या हायवेला लागून आहे, आणि गाडी उभी करायला जागा ती तेवढीच. तिथं कुणी सायकल लावली तरी आबांची शिट्टी वाजायची. माझे कॉलेजचे सर घरी आले, तर त्यांना स्कूटर पार देवळामागं लावायला लागली. घामाघूम होऊन सर आत आले, सगळी हकीकत ऐकली, आणि मला प्रोजेक्टचा विषय देऊन गेले: समुद्रातील पवनऊर्जा. म्हणाले, "तज्ज्ञ शेजारीच आहेत तुझ्या."

मग आबा घरोघरी संमती मागत फिरले.

"सखूमावशी, समुद्रातल्या पवनचक्कीला तुजी हरकत हाय का?"

"मला कशाची हरकत? मी काय तितं पवायला जातीय व्हय?"

"पातं तुज्या दारावरनं वळनार. उद्या म्हनशील, माजा शेवगा मोडला."

"मोडा बाबा. पन आदी च्या घ्या."

रोज संध्याकाळी मी कॉलेजहून आलो, की वळणावरच अडवायचे. "काय कालेज, निगालं का पातं?"

"आबा, सरकारनं निविदा काढल्या, पण बोली लावायलाच कुणी येत नाही. खर्च फार आहे. वीज कोण घेणार, ते ठरत नाही. धोरण आहे, पवनचक्की नाही."

"ठरंल. आपलं वळन तयार पायजे."

एकदा वैतागून मी म्हणालो, "किरणला नुसतं ये म्हणा की! त्याची आई गेली त्यानंतर तो आलेलाच नाही."

"कामातल्या मानसाला असं उगंच बोलवत न्हाईत," आबा म्हणाले, आणि रस्ता झाडू लागले.

मागच्या महिन्यात कॉलेजात एक पाहुणे व्याख्यान द्यायला आले. समुद्रातली पाती इतकी लांब असतात, की ती रस्त्यानं नेताच येत नाहीत, असं त्यांनी सांगितलं. कारखानेच बंदराला लागून उभारावे लागतात. पातं तिथूनच बोटीवर चढतं आणि समुद्रात जातं. बाकीची मुलं लिहून घेत होती. मला आमचं वळण दिसत होतं.

पुढचे काही दिवस मी मागच्या वाटेनं घरी जात राहिलो. आबांना कुणीतरी सांगायला हवं होतं, आणि वस्तीत ते माहीत असलेला मी एकटाच. शेवटी एका दुपारी वळणावर जाऊन सांगितलं.

"म्हंजी रस्त्यानं येनारच न्हाई?"

"नाही आबा."

"घाटानं बी न्हाई?"

"नाही."

त्यांनी हायवेकडं बघितलं. मग म्हणाले, "तितल्या कोळ्यांना कुनी इचारलं का? त्यांच्या दारावरनं वळनार ते."

"काही ठिकाणी बैठका झाल्यात म्हणे. सगळ्यांना विचारलं का, ते मला माहीत नाही."

"इचाराया पायजे," आबा म्हणाले, आणि लाल फडक्याची घडी घालू लागले.

तेवढ्यात दुधाचा टेम्पो आला. ड्रायव्हर सवयीनं लांबच थांबला आणि शिट्टीची वाट बघू लागला. आबांनी त्याला हात केला. "ये, लाव हितंच."

टेम्पो वळणावर बरोबर मधोमध उभा राहिला. आबांनी त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. फडकं खिशात घालत ते माझ्याकडं वळले.

"मंग कालेज, आता किरननं यायचं कशाच्या निमतानं?"