शालोमभाऊ, मूळचे जेऊरचे

आमचे शालोमभाऊ स्वतःचं नाव सांगताना दोन्ही हात पाठीमागे बांधून घेत. त्याला कारण होतं. सोलापूरच्या स्टेशनावर ते प्रथम उतरले, तेव्हा टांगेवाल्याने नाव विचारलं. हे म्हणाले, "शालोम." टांगेवाला म्हणाला, "वालेकुम सलाम. नाम क्या साब?" हे म्हणाले, "शालोम." टांगेवाल्याने लगाम सोडून पुन्हा एकदा हात कपाळाला लावला आणि म्हणाला, "वालेकुम सलाम. लेकिन नाम?" असं स्टेशनापासून सरकारी दवाखान्यापर्यंत चाललं. नवा कंपाउंडर फार अदबशीर आहे, पण नाव सांगायला का कू करतो, अशी बातमी दवाखान्यात त्यांच्याआधी पोहोचली. तेव्हापासून नाव सांगताना आपला हात चुकूनही वर जाऊ नये, याची ते खबरदारी घेत.

नावाचा घोटाळा एक वेळ परवडला, पण पुढचा प्रश्न असायचा, "आपण कोण?"

हे छाती काढून म्हणत, "मी ज्यू."

"जेऊरचे व्हय? मग आदी सांगायचं की. आमची आत्या दिलीया जेऊरला."

हा संवाद मी माझ्या कानांनी निदान वीस वेळा ऐकला असेल. शालोमभाऊंनी जेऊर फक्त रेल्वेच्या खिडकीतून पाहिलं होतं. तरी समोरच्या गंगव्वापासून कोपऱ्यावरच्या न्हाव्यापर्यंत सगळे त्यांना जेऊरकर म्हणू लागले. त्यांचं खरं आडनाव थळकर. गाव कोकणातलं. बेने इस्राएल म्हणतात ती त्यांची जात. फार फार पूर्वी ह्यांच्या पूर्वजांचं गलबत कोकणच्या किनाऱ्याला फुटलं, जी थोडी माणसं वाचली ती तिथेच राहिली, तेल गाळू लागली आणि शनिवारी घाणा बंद ठेवू लागली, म्हणून लोक त्यांना शनिवारतेली म्हणत. गलबत फुटल्याची हकिकत शालोमभाऊ अशी सांगत, की ऐकणाऱ्याने त्यांचे कपडे अजून ओले आहेत का ते पाहावं.

मी त्यांचा भिंतीपलीकडचा शेजारी. गिरणीच्या हपिसात कारकून. गोष्ट सव्वीस-सत्तावीस सालची आहे. आमच्या चाळीत मराठी, कानडी, तेलुगू आणि दखनी एकाच नळावर भांडत असत, तेव्हा माणूस कोण आहे याचं आम्हाला फारसं अप्रूप नव्हतं. पण शालोमभाऊ नेमके कोण, हे मात्र कुणालाच उमगेना. दारातून जाताना ते चौकटीवर ठोकलेल्या शास्त्रवचनाच्या डबीला बोटं लावून ओठांना टेकवत. गंगव्वाला वाटे, चौकटीचा रंग वाळला का बघतात आणि लागलेला रंग चाटतात. शनिवारी त्यांच्याकडे चूल पेटत नसे, आदल्या दिवशीचं शिजवलेलं खात. धूर दिसला नाही की गंगव्वा हळहळे, "लई हाल हायत वो बिचाऱ्यांचे." आणि भाकरी अन् शेंगाची चटणी पाठवून देई. शालोमभाऊ आधी दोनदा नको म्हणत आणि मग चटणी पुरली नाही म्हणून भाकरी परत पाठवत.

वर्षातून एकदा दारफाळणीचा सण येई. त्या दिवशी सगळं घर उपाशी, पांढरे कपडे घालून, दारं लावून आत बसे. पहिल्या वर्षी गंगव्वाने घरात मौत झाली समजून चार बायका गोळा केल्या होत्या. दुसऱ्या दिवशी हे हसतमुखाने सगळ्यांना भेटायला बाहेर पडले, तेव्हा त्या चौघी जरा नाराजच दिसल्या.

त्यांचं पालुपद एकच होतं, "मूळचं आमचं." ह्या पालुपदाचा सगळा मारा होई तो याकोबरावांवर. याकोबराव म्हणजे गल्लीपलीकडच्या मिशनच्या चाळीतल्या ख्रिस्ती मंडळींचे पाळक. देवमाणूस. मान खाली घालून चालत आणि मान वर केली की समोर शालोमभाऊ उभे असत.

"याकोबराव, तुमच्या नावाचा अर्थ ठाऊक आहे?"

"पवित्र शास्त्रातलं नाव आहे."

"टाच धरणारा. जन्मताना भावाची टाच धरून बाहेर आला म्हणून याकोब. मूळचं आमचं. वापरा, पण टाच सोडू नका."

मिशनच्या चाळीत दावीद, शमुवेल, रूथ, शलोमोन अशी नावं घरोघर होती. ही सगळी नावं आपल्या माजघरातून गेलेली आहेत आणि शेजाऱ्याने नेलेल्या पातेल्यासारखी ती कशी वापरली जातात ते बघणं आपलं काम आहे, अशी शालोमभाऊंची प्रामाणिक समजूत होती. शलोमोन नावाचा एक गिरणीकामगार पिऊन गटारात पडला, तर दुसऱ्या दिवशी औषधाची बाटली त्याच्या हातात देताना हे म्हणाले, "शलोमोन हा आमचा सगळ्यात शहाणा राजा. पिणार असशील तर दुसऱ्या नावाने पी." तो बिचारा घाबरून पुढे कितीतरी दिवस पिताना स्वतःला तुकाराम म्हणवून घेत असे.

"आणि मार्क? लूक?" एकदा याकोबराव थळकरांच्या दारात आले असताना मी मुद्दाम विचारलं.

"ती आमची नव्हेत. ती त्यांनी खुशाल ठेवावीत."

"रविवार?"

"मूळचा शनिवार. तुमच्याकडे येईपर्यंत गाडी लेट झाली."

याकोबराव हळूच म्हणाले, "पण भाऊ, आमचा प्रभूसुद्धा तुमच्यातलाच. तुम्ही त्याला ओळखलं नाहीत."

"घरच्या माणसाला कोण ओळखतं हो," शालोमभाऊ म्हणाले. "माझंच बघा. घरी कुणी माझं ऐकतं का?"

आतून सारावहिनींचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा, आवाज आला, "ऐकतेय ना. दुपारपासून तेच ऐकतेय."

आता गंमत अशी, की एवढं सगळं बोलणारा हा माणूस रोज संध्याकाळी, दिवेलागणीच्या सुमाराला, टोपी घालून गुपचूप मिशनच्या चाळीकडे जाई. कशाला, ते सांगत नसे. त्याच वेळी तिथे याकोबरावांची प्रार्थना असे, घंटा वाजे. गंगव्वाने दोन आणि दोन जोडले आणि तिच्या हिशेबात ते सहा झाले.

"अण्णा," ती मला नळावर म्हणाली, "तुमचे जेऊरकर बाटनार म्हनं."

"अगं, ते बाटतील कसे? त्यांचंच म्हणणं आहे की मूळचं सगळं त्यांचंच."

"तेच की. आपलं हाय म्हनून तर मानूस परत घ्यायला जातंय."

मी माझी घागर उचलून घरी आलो. याकोबरावांनाही तसंच वाटू लागलं असावं. त्यांनी प्रार्थनेच्या खोलीत दाराजवळ एक खुर्ची रिकामी ठेवायला सुरुवात केली. रोज शालोमभाऊ दिसले की ते म्हणत, "आत या ना, भाऊ." आणि हे म्हणत, "आज नको." नाही म्हणत नसत, आज नको म्हणत. त्यामुळे पाळकसाहेबांचा उत्साह टिकून होता आणि माझं डोकं रोज थोडं अधिक गरगरत होतं.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण थळकरांची मुलगी दिना हिचं लग्न ठरलेलं होतं. मुलगा पुण्याचा, चांगला, त्यांच्यातलाच. कुर्डुवाडीला रेल्वेत त्यांच्यातले एक गार्ड होते, त्यांच्या कानावर आमच्या नळावरची बातमी गेली आणि गाडी बदलून पुण्याला पोहोचली. मुलीचा बाप ख्रिस्ती होणार. त्यांची जमात ती केवढीशी, सगळे एकमेकांना ओळखणारे. हे लग्न ह्या कारणाने मोडलं असतं, तर दिनाच्या दारात दुसरं कुणी आलं नसतं.

एका दुपारी होणारे व्याही, एलोजीबाबा मांडवेकर, स्वतः येऊन थडकले. उंच, पांढऱ्या दाढीचे, कडक इस्त्रीच्या लांब कोटातले. त्यांची पहिली गाठ गंगव्वाशी पडली.

"थळकर कुठे राहतात?"

"थळकर न्हाईत हितं कुनी. जेऊरकर हायत."

"ते थळचे आहेत. आमच्यातले."

"तुमी बी जेऊरचे?"

"मी ज्यू आहे, बाई."

"तेच इचारतिया की."

मी धावत जाऊन त्यांना सोडवलं नसतं, तर ते परतीच्या गाडीने जेऊरलाच गेले असते.

घरात ते बसले नाहीत. उभ्यानेच म्हणाले, "थळकर, तुम्ही रोज संध्याकाळी मिशनच्या चाळीत जाता, हे खरं?"

"खरं."

"कशाला?"

"पाय मोकळे करायला."

"पाय मोकळे करायला सोलापुरात तेवढीच जागा आहे?"

एरवी शालोमभाऊंनी सोलापूरही मूळचं आमचं म्हणून सांगितलं असतं. त्या दिवशी ते कोटाच्या बटणाशी चाळा करत उभे राहिले. मग दवाखान्यात जायचं म्हणून निघून गेले. दाराआड दिना होती. तिच्या बांगड्यांचासुद्धा आवाज येत नव्हता.

एलोजीबाबा काठी उचलून म्हणाले, "मग मला काय समजायचं ते मी समजतो."

"बाबा," सारावहिनी म्हणाल्या, "त्यांना विचारून ते सांगायचे नाहीत. मलाही सांगितलेलं नाही. मी एकदा त्यांच्या मागोमाग गेले होते. पुन्हा जायचा धीर झाला नाही. तुम्ही आज संध्याकाळी जा. मग काय ते ठरवा." आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "अण्णा, बाबांबरोबर जाल?"

मला सांगायला नको होतं. कोट मी आधीच घातला होता.

दिवेलागणीला आम्ही दोघं प्रौढ गृहस्थ चोरासारखे मिशनच्या चाळीतल्या पाण्याच्या हौदाआड उभे राहिलो. समोर बसक्या खोल्यांची रांग, पुढे मोठं अंगण, चिंचेचं झाड. अंगणात पोरांचा गलका. शालोमभाऊ झाडाच्या पलीकडे, आमच्याकडे पाठ करून उभे होते. घंटा झाली. याकोबराव कंदील घेऊन दारात आले.

"आत या ना, भाऊ."

"आज नको."

एलोजीबाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी खांदे उडवले. याकोबराव आत गेले, गाणं सुरू झालं, पण शालोमभाऊंचं तोंड त्या दाराकडे नव्हतंच. ते खोल्यांकडे बघत होते. तेवढ्यात एकेका उंबऱ्यावर बाया येऊन हाका मारू लागल्या.

"दावीद, ए दावीद, हात धू चल."

"शमुवेल्या, तुजा बाप आला बग."

"रूथ, भाकरी गार व्हायलीया."

एलोजीबाबा गोंधळून माझ्या कानाशी लागले. "ही कुणाची मुलं?"

"ख्रिस्त्यांची."

"डोळे मिटले तर आमच्या आळीत उभा आहे असं वाटतंय."

पोरं एकेक करून आत गेली. अंगणात दोन मुली सागरगोटे खेळत राहिल्या. शेवटच्या खोलीतून एक बाई बाहेर आली. कमरेवर हात ठेवून म्हणाली, "रिबके, दिवा लागला. घरात ये."

शालोमभाऊंनी डोक्यावरची टोपी दोन्ही हातांनी नीट बसवली. इतका वेळ चुळबुळत होते, ते एकदम स्थिर झाले.

"काय हाक मारली तिने?" एलोजीबाबांनी विचारलं.

"रिबका. तिची मुलगी."

एलोजीबाबा काठीवर रेलले. मग म्हणाले, "ह्यांच्या धाकटीचं नाव. तुम्हाला ठाऊक नाही?"

मला ठाऊक नव्हतं. भिंतीला भिंत लागून राहत होतो आणि मला ठाऊक नव्हतं.

"इन्फ्लुएंझाच्या साथीत गेली, पुण्यात. एवढीशी होती. त्यानंतर ह्यांनी बदली मागून घेतली. जिथे आपल्यातलं कुणी नाही असं गाव मागितलं. सांत्वनाला येणारे तिचं नाव घेत, ते ह्यांना सोसत नव्हतं. घरात कुणी तिचं नाव काढत नाही म्हणतात."

"रिबके, आता मार खाशील हां," ती बाई पुन्हा म्हणाली. "किती येळ हाका मारू?"

मुलगी म्हणाली, "एवढा डाव, आये." आणि गोटे उडवले.

एलोजीबाबांनी काठी ह्या हातातून त्या हातात घेतली. "लग्नाचा दिवस ठरलाय तोच राहील," ते म्हणाले. "सकाळच्या गाडीने मी जाईन. आपण इथे आलो होतो, हे त्यांना सांगू नका. आणि त्या गार्डला मी बघून घेतो."

"चला मग," मी म्हणालो.

"थांबा जरा."

ते हलले नाहीत, म्हणून मीही थांबलो. आत प्रार्थनेचं गाणं संपलं. अंधार पडत चालला. डाव काही संपेना. मैत्रीण कंटाळून निघून गेली, तरी ती मुलगी एकटीच गोटे झेलत बसली. शालोमभाऊ तिच्याकडे गेले नाहीत, तिच्याशी बोलले नाहीत. झाडाखाली नुसते उभे होते. ती बाई तिसऱ्यांदा उंबऱ्यावर आली. ह्या खेपेला ती रागावली नाही. खालच्या आवाजात म्हणाली, "चल ना गं बाई, घरी चल."

मुलीने गोटे ओच्यात गोळा केले आणि धावत आत गेली. दार लागलं. आतून कडी घातल्याचा आवाज आला. तो ऐकल्यावरच शालोमभाऊ घराकडे वळले.