पाष्टेमामांची तांदळाची गोणी

आमच्या मेसचा तांदूळ थंडीत दर शुक्रवारी डोंगर चढून यायचा. खोटं वाटेल, पण आदळूनआपटून त्याच्या झालेल्या कण्या कुवेतच्या अब्बासियातल्या आमच्या खोलीतल्या सहाही जणांनी खाल्ल्यात.

हा पराक्रम पाष्टेमामांचा. शुवैखच्या गॅरेजात वेल्डर, गाव संगमेश्वराकडचं, वय पन्नाशीला टेकलेलं. थंडी पडली की सुट्टीच्या सकाळी गोणी पाठीला बांधायची आणि मला पिकअप काढायला लावायचं. कुवेतात डोंगर म्हणजे जहराच्या पलीकडची एक धार. ती तरी कितीशी! पण मामांना त्यातलंही ठेंगणं टेकाड लागायचं.

"बुटका बघ रे, बुटका! उंच डोंगर कॅलेंडरवर बघायचा."

त्यात शंभर नखरे. पाऊस झाला असेल तर बेत रद्द, माती घसरते. धुकं असेल तर गाडीत बसून चहा. वारा बघायला हातरुमाल धरून उभे राहायचे, रुमाल आडवा झाला की, "चल घरी." इराकशी लढाई संपून चारपाच वर्षंच झालेली, वाळूत सुरुंग राहिलेले, म्हणून चालायचं ते टायरच्या चाकोरीतूनच. ते मला पटायचं. पण पाठीवर चाळीस किलो बासमती कशाला? विचारलं की म्हणायचे, "तांदळाला हवा लागते."

एका जानेवारीत माझं डोकं फिरलं. आभाळ स्वच्छ, समोर छान चढण, आणि मामा आपले नेहमीच्या टेकाडाकडे वळले.

"मामा, एवढे घाबरट असाल असं वाटलं नव्हतं हो!"

मामांनी गोणी उतरवली आणि तिच्यावरच बसले.

"माझा पाय इथं मोडला, तर आईला खाली कोण आणणार?"

आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, ऑपरेशनला खाली न्यायचं होतं. घर डोंगरावरच्या वाडीत, गाडीरस्ता पायथ्याला. वाडीतले लोक डोली करायला तयार होते, पण म्हातारी ऐकेना. मामांचे वडील डोलीतून उतरले ते परत आलेच नव्हते. "पोराच्या पाठीवरनं येईन, नायतर अशीच मरेन," म्हणाली होती. मामा एकुलते एक. रजा एप्रिलात.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुढचे सगळे शुक्रवार मी मुकाट्यानं रुमाल धरला.

मामा रजेवर गेले. महिनाभर ना पत्र, ना फोन. जिवाला नुसता घोर. एक दिवस दारात स्वतःच उभे! मी आधी त्यांच्या पायांकडे बघितलं. दोन्ही धड होते. हातात फोटो होता: जाड चष्म्यातली म्हातारी, बोळकं पसरून हसणारी.

"सुटलो बुवा!" मी फोटो हातात घेतला. "जड गेलं का हो उतरवताना?"

मामा कोपऱ्यातल्या गोणीवर टेकले.

"कसलं जड! मी चाळीस किलोची तयारी केली रे. तिच्यात अर्धी गोणीसुद्धा उरली नव्हती. वाटेत दोनदा हात मागं नेऊन बघितलं, आहे ना म्हणून."