डोळं झाका, मास्तर

गेल्या वर्षापर्यंत तुम्ही पलूसहून तासगावकडे निघाला असता, तर रस्त्याकडेच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये भर दुपारी एखादा धट्टाकट्टा माणूस डोळे मिटून मोटारीच्या दारावरून हात फिरवताना दिसला असता. त्याला वेड लागलेलं नसायचं. ते गिऱ्हाईक असायचं. आणि त्याच्या शेजारी उभे राहून "डोळं झाका म्हंतोय न्हवं! फटीतनं बघू नगा!" असं खेकसणारे काटकुळे गृहस्थ म्हणजे आमचे सर्जेतात्या.

तात्या जुन्या गाड्या रंगवायचे. पण ज्याला रंगाचंच कौतुक नाही असा दुसरा रंगारी मी पाहिलेला नाही. "रंग काय, कोणबी मारतंय. खालचा पत्रा तयार कराय अक्कल लागती." गाडी आली की आधी जुना रंग खरवडून पत्रा उघडा करायचा, पोचे ठोकून काढायचे, उरलेल्या खळग्यांत लांबी, म्हणजे पुट्टी, भरायची आणि मग पाणी मारत पॉलिशपेपरनं दिवसच्या दिवस घासायचं. गिऱ्हाइकानं "कधी मिळेल?" विचारलं की ठरलेलं उत्तर, "घाई हाय? मग ब्रश घ्या आन् घरीच मारा."

घासून झालं की ही डोळे मिटायची परीक्षा. तात्यांचं म्हणणं, डोळ्याला फसवता येतं, तळहाताला नाही. एकदा एक पुढारी आले. त्यांनी डोळे मिटले म्हणून मागच्या चौघा कार्यकर्त्यांनीही मिटले आणि पाचहीजण बॉनेट चाचपू लागले. रस्त्यावर एसटी थांबली होती. कंडक्टरनं काळजीनं विचारलं, "कुणी गेलं का?"

घासून घासून तात्यांच्या बोटांवरच्या रेषा पार पुसल्या होत्या. रेशनच्या दुकानात त्यांचा अंगठा काही केल्या उमटायचा नाही. तात्या बाहेर येऊन सगळ्यांना ऐकवायचे, "मशीन म्हंतंय सर्जेराव न्हाईच. मग घरात भाकरी खातंय कोण रं?" आम्ही हसायचो. मीसुद्धा. पस्तीस वर्षं गणित शिकवलं, पण ही साधी बेरीज मला जमली नाही.

शालनकाकू होत्या तेव्हा गिऱ्हाइकांना हा त्रास नव्हता. तात्या शेडमधून हाक मारायचे, "अगं, ये की जरा." काकू पदराला पीठ पुसत यायच्या, डोळे मिटायच्या, तात्या त्यांचं मनगट धरून हात गाडीवरून फिरवायचे. "हितं उचाललंय," म्हणून काकू परत भाकरीकडे. तेवढी जागा तात्या पुन्हा घासायचे. लग्नाला चाळीस वर्षं झाली तरी तात्यांना हात धरायला निमित्त लागतं, म्हणून आम्ही त्यांची टर उडवायचो. काकू गेल्या आणि महिन्याभरात तात्यांनी गिऱ्हाइकांना डोळे मिटायला लावलं. म्हाताऱ्यानं दुःखात काढलेलं खूळ, असं सगळे धरून चालले.

माझी गाडी म्हणजे वडिलांची फियाट. वडील फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले, त्यानंतर त्यांनी ती घेतली. ते गेल्यावर ती गोठ्याशेजारी उभी होती आणि तिच्या मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालत होत्या. सांगलीत जुन्या गाड्यांचं प्रदर्शन भरणार असं कळलं आणि मला एकाएकी वडिलांची आठवण दाटून आली. असतो एकेक माणूस असा, निमित्ताशिवाय ज्याला आठवण येत नाही.

तात्यांनी दोन महिने गाडीवर जीव टाकला. लाल रंगाखाली निळा, निळ्याखाली वडिलांच्या वेळचा दुधी. तो दिसल्यावर तात्या म्हणाले, "सुभेदारसायेब आलं बगा वर." प्रदर्शन चार दिवसांवर असताना त्यांनी मला बोलावलं. मी गेलो तो फोन कानाला लावूनच. गाडी कुठं उभी करायची, नावाची पाटी कोण करणार, हे चाललं होतं.

"डोळं झाका, मास्तर."

मी एका हातात फोन धरून दुसरा हात पुढच्या दिव्यापासून डिकीपर्यंत फिरवला. "लोणी आहे, तात्या!"

"दारावरनं परत एकदा."

"अहो, झालं की! गुळगुळीत आहे."

तात्यांनी एकदा माझ्या हाताकडे बघितलं. मग त्यांनी रंग फवारायची गन उचलली.

प्रदर्शनाला तात्या कडक इस्त्रीचा शर्ट आणि नवी टोपी घालून आले. दुधी गाडी उन्हात अशी झळकत होती की माझी छाती फुगली. तेवढ्यात पुण्याचे एक जाणकार गृहस्थ गुडघ्यावर वाकले आणि दाराच्या रेषेत नजर लावून म्हणाले, "दारात लाट राहिलीय. लांबी नीट घासलेली नाही. काम कुणाचं?"

भोवती दहा-पंधरा माणसं होती. मी तोंड उघडलं. पण माझ्याआधी तात्या पुढं झाले. "माझं. चूक माजी हाय." मग मी तोंड मिटलं. ते त्या वेळी मिटलं याची मला आजही लाज वाटते.

माणसं पांगल्यावर तात्या हळूच म्हणाले, "मास्तर, कुठं हाय? दावा जरा."

मी कुणी न सांगता डोळे मिटले आणि दारावर हात ठेवला. दाराच्या मुठीखाली वीतभर जागेत उंचवटा होता. शेंबड्या पोरालाही कळला असता. मी तात्यांचं मनगट धरलं आणि त्यांचा तळहात नेमका तिथं टेकवला.

"लागतंय का?"

"न्हाई." तात्यांनी हात काढला नाही. "चार-पाच वर्सं झाली, पाण्यात घासून घासून बोटं मेली. शालन हुती तवर कुनाला कळलं न्हाई."



आठवड्यानं मी धीर करून शेडवर गेलो. तात्या उसाची ट्रॉली रंगवत होते, मोठ्या ब्रशनं, सरळ गंजावरच. मी म्हणालो, "तात्या, त्या दिवशी मी हात नीट फिरवला नव्हता. फोनवर होतो."

"म्हाईत हाय. तुमचा हात फिरला न्हाई, पळाला. बगत हुतो की म्या."

"मग बोलला का नाही?"

"वडलांच्या गाडीबद्दल तुमी खोटं सांगशीला, आसं वाटलं न्हाई."

ते रागानं म्हणाले असते तर मला बरं वाटलं असतं. मी म्हणालो, "दार पुन्हा करू. मी रोज येतो. तुम्ही म्हणाल तितक्या वेळा डोळे मिटतो."

तात्यांनी ब्रश डब्यात बुचकळला, कडेला निथळला.

"ऱ्हाऊ द्या, मास्तर. आता ट्रॉल्याच करतो. ट्रॉलीवर हात फिरवाय कुनी लागत न्हाई."