लोकांकडं बघा की!

आमच्या सोलापुरातल्या भवानी पेठेतले सिद्राम मास्तर ऑर्केस्ट्राकडे पाठ करून ऑर्केस्ट्रा चालवतात.

बाकीचे कंडक्टर वादकांकडे बघतात आणि लोकांना पाठ दाखवतात. मास्तरांचं उलटं आहे. तोंड लोकांकडे, उजवा हात हवेत आणि डावा हात पाठीमागे. वादकांनी बघायचं ते त्या डाव्या हाताकडे. एक बोट म्हणजे अंतरा पुन्हा. अंगठा हलला म्हणजे ढोलकवाला घाई करतोय. मूठ वळली की संपवा. समोरच्या लोकांना वाटतं, मास्तरांना कंबरदुखी आहे.

ही पद्धत वैरागच्या जत्रेत सुरू झाली. तोवर मास्तर चारचौघांसारखेच उभे राहत. पहिलंच गाणं चालू होतं आणि पुढच्या रांगेतून एक म्हातारा ओरडला, "ए बाबा, तोंड कुणीकडं हाय तुजं? आमी हितं बसलोय की!" लोक हसले. मास्तर वळले, ते कायमचे.

"म्हाताऱ्याचं काय चुकलं सांगा वैनी," ते मला म्हणतात. "पाव्हण्याला पाठ दाखवून कुणी वाढतं का?"

लग्न होऊन मी या गल्लीत आले तेव्हापासून मास्तर आमचे शेजारी आहेत. "लोकांकडं बघा की!" हे त्यांचं वाक्य मी स्टेजपेक्षा रस्त्यावरच जास्त ऐकलंय. बँकेतला कॅशियर मान वर करत नाही, मास्तर काचेवर टकटक करतात, "सायेब, लोकांकडं बघा की!" डॉक्टर कॉम्प्युटरकडे बघून विचारतात, काय त्रास होतोय. मास्तर म्हणतात, "त्यालाच इचारा, मी हितं बसलोय." एकदा मी किराणा दुकानात यादीवर खुणा करत उभी होते. मागून आवाज आला, "वैनी, यादी पळून जात न्हाय. दुकानदाराकडं बघा की. ताप आलाय त्याला." बघितलं तर खरोखरच आला होता. त्याला घरी पाठवलं आणि उरलेलं सामान त्याच्या बायकोकडून घेतलं.

मास्तर कंडक्टर कसे झाले, याचं उत्तर ते सरळ देतात. सुरुवातीला ते लग्नांच्या ऑर्केस्ट्रात खुळखुळा वाजवायचे. तेव्हा गायक ढोलकवाल्याशी बोलत नव्हता, ढोलकवाला बासरीवाल्याशी आणि बासरीवाला मालकाशी. "सगळ्यांशी बोलणारा एकटा मीच हुतो. एकाचा निरोप दुसऱ्याला सांगता सांगता कंडक्टर झालो. शिकलो नंतर."

ताल ते कानडीत मोजतात. घरात आईशी कानडी, गल्लीत मराठी, असंच वाढले ते. पण त्यांचं कारण वेगळं आहे. "ओंदु म्हणताना तोंड गोल होतंय बघा. बासरीवाल्याला तेवढ्यात कळतंय, आता फुंकायचं. 'एक' म्हटलं की लई घाई होती." बासरीवाल्याला मी हे विचारलं, तर तो म्हणाला, "आमाला त्यांचं तोंड दिसतंय कुटं?"

त्यांची खरी परीक्षा लग्नाच्या रिसेप्शनला असते. तिथे ऐकायला कुणी आलेलं नसतं. निम्मे लोक जेवत असतात, निम्मे पाकीट घेऊन रांगेत. मास्तर गर्दीतला सर्वांत आंबट चेहरा शोधतात आणि सगळा कार्यक्रम त्या एकट्यासाठी वाजवतात. त्याचा चमचा ताटावर थांबला की सूर लागला, असा त्यांचा हिशेब. एकदा नवऱ्या मुलाचा मामा मानपानावरून रुसून कोपऱ्यात बसला होता. मास्तर तीन गाणी त्याच्याकडेच बघत राहिले. चौथ्या गाण्याला मामा उठून आला आणि म्हणाला, "काय बघताय हो सारखं? बरं, एखादं जुनं हुंद्या." मग तो जेवलाही.

गेल्या वर्षी आमच्या महिला मंडळाचा वर्धापनदिन होता आणि कार्यक्रमाची जबाबदारी माझ्याकडे होती. गाणी ठरली, क्रम ठरला, हॉल नऊला रिकामा करायचा हेही ठरलं. मास्तरांनी एकच अट घातली. अकॉर्डियन युसूफभाई वाजवणार.

युसूफभाई मास्तरांचे सुरुवातीपासूनचे साथीदार. त्यांना अर्धांगवायूचा झटका येऊन गेला होता. चालणंबोलणं सुधारलं, डावा हात मात्र पुरता परतला नाही. अकॉर्डियनचा भाता ओढायचा असतो तो डाव्या हातानेच. आजारापासून त्यांनी वाद्याची पेटी उघडलेली नव्हती.

"मास्तर, कीबोर्डवर अकॉर्डियन निघतं," मी म्हटलं.

"निघतंय की. पण युसूफ न्हाय निघत त्यातनं."

"आणि नाही जमलं त्यांना?"

"घरात वाजीव म्हटलं तर वाजवत न्हाय. लोकांसमोर वाजवतो म्हणालाय, एकदाच. जमलं तर पेटी उघडी राहील, वैनी. न्हाय जमलं तर ती काय परत उघडायची न्हाय."

मी युसूफभाईंचं एक गाणं मधे घातलं आणि पुढे थोडा वेळ राखून ठेवला.

त्या संध्याकाळी मी प्रथमच प्रेक्षकांत नव्हते, विंगेत उभी होते. युसूफभाईंचं गाणं आलं. सुरुवात बरी झाली. दुसऱ्या अंतऱ्याआधी फक्त अकॉर्डियनचा तुकडा होता. तो निम्म्यावर आला आणि भाता थांबला. सूर विझला. युसूफभाई आपल्या डाव्या हाताकडे बघत राहिले. कीबोर्डवाल्याची बोटं पट्ट्यांवर गेली, पण मास्तरांच्या पाठीमागचं एक बोट जोरात नाही नाही म्हणालं. ढोलक तेवढा चालू राहिला.

"काय हो सोलापूरकर," मास्तर लोकांना म्हणाले, "चादर पांघरून बसलाय का? टाळ्या कुटं हायत? ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु!"

हॉल हसला आणि टाळ्या तालात पडू लागल्या. एक आवर्तन झालं, दुसरं झालं. पुढच्या रांगेतल्या बायका डोलायला लागल्या. त्यांना तो कार्यक्रमाचाच भाग वाटला. समोरून दिसत होता हसरा मास्तर. मला दिसत होता त्यांचा डावा हात. तळवा मागे उघडा होता, सावकाश, सावकाश असं सांगत होता.

किती आवर्तनं गेली मी मोजली नाहीत. मग अकॉर्डियनचा सूर आला. आधी बारीक, जरा बेसूर, मग भरून. तुकडा पुरा झाला. राखलेला वेळ पुरला नव्हता, पुढची दोन गाणी मी कार्यक्रमातून काढून टाकली.

नऊ वाजता हॉलबाहेर रिक्षा उभी केली. मास्तरांनी युसूफभाईंना आत बसवलं, पेटी त्यांच्या पायाशी ठेवली.

"मास्टर," युसूफभाई हळूच म्हणाले, "बीच में हात रुक गया मेरा."

"कवा?"

"अंतरे के पहले. बाजा बंद पड्या ना."

"मला काय म्हाईत? मी लोकांकडं बघत हुतो की."

युसूफभाईंचा डावा हात सीटवरून बाहेर लोंबत होता. मास्तरांनी तो उचलून आत घेतला, पेटीवर ठेवला, थोडा वेळ तसाच धरला.

मग रिक्षावाल्याला म्हणाले, "खड्डे बघून ने रे."