करड्या दाताची ना-हरकत

सभेतलं काही तोंडाबाहेर जाऊ द्यायचं नाही असा ठराव झाला होता आणि त्यावर माझीही सही आहे. तरी सांगते, की पुढच्या एका दाताला कॅप बसवायची तर तोंडातल्या बाकीच्या सत्तावीस दातांची ना-हरकत लागते.

माझा दात वरचा, समोरचा, उजवीकडचा. चौथीत खो-खो खेळताना सगळ्या मुली खांबाला वळसा घालून गेल्या, मी सरळ खांबावर गेले. दात पडला नाही. हळूहळू करडा होत गेला, ओल्या फडक्याने पुसलेली पाटी दिसते तसा. तेव्हापासून मी तोंडावर हात ठेवून हसते. आत्या याला चांगलं वळण म्हणते आणि पाहुण्यांना माझं उदाहरण देते. हजेरीला मी ‘हजर’ म्हणत नाही, बोट वर करते. बाईंना वाटतं माझा घसा कायम धरलेला असतो. हा गैरसमज मला पाच वर्षांत दूर करता आला नाही, कारण त्यासाठी बोलावं लागलं असतं.

यंदा माझा निबंध जिल्ह्यात पहिला आला. पंचवीस तारखेला तो टाउन हॉलमध्ये मीच वाचायचा, नाहीतर माझ्याऐवजी वर्गातली ऋजुता वाचणार. ऋजुताचे दात एका ओळीत आहेत आणि ती प्रत्येक वाक्यानंतर हसते. माझ्या निबंधात हसण्यासारखं एकही वाक्य नाही.

“काम सोपं आहे,” दाताच्या डॉक्टर सबनीस मॅडम म्हणाल्या. “पण आधी रीतसर सभा घ्या. मागे एकाने परस्पर करून घेतलं, तर दाढांनी तीन आठवडे चावणं बंद ठेवलं.”

“रंग आम्हीच निवडायचा ना?” आईने विचारलं. “एकदाच करतोय तर पांढराशुभ्र घेऊ.”

“हळू बोला,” मॅडम म्हणाल्या. “ऐकताहेत.”

बाबा दहा वर्षं आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी आहेत, त्यामुळे त्यांना यात नवीन काही वाटलं नाही. उलट त्यांचा चेहरा खुलला. त्यांनी चौदा दिवसांची नोटीस काढली आणि ती सगळ्यांना दिसेल अशी माझ्या टाळूवर लावली. दोन आठवडे मी आमटी गार करून प्यायले.

सभा रविवारी अकराला, मॅडमच्या खुर्चीत झाली. खुर्चीत मी होते. सभा माझ्या तोंडात होती. कोरम भरेना. दाढा जागच्या जागी होत्या, पण हजेरीपत्रकावर सही करायला तयार नव्हत्या. बाबांनी नियमाप्रमाणे सभा अर्धा तास तहकूब केली आणि त्याच ठिकाणी पुन्हा सुरू केली. तोवर मी तोंड उघडं ठेवून बसले. तहकूब सभेला कोरम लागत नाही. सही न केलेल्या दाढाच मग सगळ्यात जास्त बोलल्या.

“मला चांदी भरली तेव्हा कुणी सभा घेतली होती?” खालची दाढ म्हणाली.

“तुम्ही मागे राहता, काकू. तुम्हाला बघतंय कोण?” सुळा म्हणाला.

“ऐका! ऊस आम्ही फोडायचा आणि फोटोत हे!”

करड्याच्या शेजारचा दात आतापर्यंत गप्प होता. तो म्हणाला, “माझा मुद्दा एवढाच आहे. हा पांढराशुभ्र झाला की मी पिवळा दिसणार. लोक म्हणतील, बिघडलेला मीच.”

यावर सगळीकडून आवाज उठले. शेवटी मॅडमनी रंगांची पट्टी आणून एकेक रंग शेजाऱ्याला लावून दाखवला. त्याच्याइतकाच पिवळसर रंग, टोकाशी किंचित पारदर्शक, आणि त्याच्या अंगावर आहे तशी एक बारीक उभी रेघ, असं ठरलं. आई म्हणाली, पैसे देऊन पिवळा? मॅडम म्हणाल्या, “कॅप आहे हे कुणालाच कळू नये, हेच तर काम.”

बाबांनी मतदान पुकारलं. तेवढ्यात करड्या दाताचं काय, असा प्रश्न निघाला. त्याची नस चौथीतच गेल्यामुळे बाबांनी त्याला ‘मयत सभासद’ असं लिहिलं होतं. मयत सभासदाच्या वतीने नॉमिनी बोलतो. नॉमिनी मी होते.

मी उभी राहिले आणि सवयीने हात तोंडावर नेला.

“हात खाली!” सत्तावीस जण ओरडले. माझे कान आतून दुखले.

“पाच वर्षं आम्ही हिचा तळहात बघतोय,” सुळा म्हणाला. “हिची आयुष्यरेषा मला पाठ झालीय.”

मी हात खाली घेतला. “मला निबंध वाचायचाय,” मी म्हणाले. एवढंच तयार केलं होतं.

“मोठ्याने?” चांदीच्या दाढेने विचारलं.

“हो. सात मिनिटं.”

बाबांनी मतं मोजली. सव्वीस मतं बाजूने पडली, म्हणजे ना-हरकत बहुमताने मंजूर. चांदीच्या दाढेने विरोध नोंदवून घ्यायला लावला आणि मग मला शुभेच्छा दिल्या.

“मी मेलेलो नाहीये,” तेव्हा करडा दात म्हणाला. “मला कुणी काही विचारलं नाही, म्हणून गप्प होतो.”

बाबांनी चष्मा पुसला. “नोंद झालीय. आता पुढच्या वार्षिक सभेतच दुरुस्त होईल.”

“असू दे. कॅप घालायला माझी ना नाही. पण एकदा घातली की मला बाहेरचं काही दिसणार नाही. तेवढा टाउन हॉल बघतो. कॅप सव्वीसला.”

बाबा मला बाजूला घेऊन म्हणाले, “कागदोपत्री तो मयत आहे. अधिकार तुझा. तू म्हणशील तर चोवीसला बसवून टाकू.” मी घरी येऊन दोन दिवस विचार केला. करडा त्या दोन दिवसांत एकदाही मध्ये बोलला नाही. मी असते तरी बोलले नसते. तिसऱ्या दिवशी मॅडमना फोन करून सव्वीसची वेळ घेतली.

आज पंचवीस आहे. मी विंगेत बसून हे लिहितेय. चारशे माणसं असतील. पुढच्या रांगेत ऋजुता आहे, माझ्या निबंधाची दुसरी प्रत घेऊन, लागलीच तर असावी म्हणून. करड्याने विचारलं, मागचे लोकही दिसतील का. मी म्हटलं, पहिल्याच वाक्याला तोंड इतकं उघडेन, की तुला अगदी शेवटच्या, आले बाई, नाव ऐकलं, ही ओळ झाली की येतेच, शेवटच्या रांगेतल्या