चौथाईचं गणित

अंगणातली चुन्याची रेघ ओसरीवरच्या खाटेपासून दोन मीटरवर होती. वेचणीच्या कापसाचा एक तंतू तरंगत आला, रेघेवर क्षणभर थबकला आणि कोणालाही न विचारता पलीकडे दगूबाईंच्या उशीवर उतरला.

थायरॉइडसाठी दगूबाईंना किरणोत्सर्गी आयोडीन दिलं होतं. गळ्यातल्या ग्रंथीत बसून ते आपलं काम करत होतं; काही दिवस माणसांपासून लांब राहायचं, एवढंच पथ्य. रेघ त्यांच्या मुलीनं, काजलनं आखली होती. तिला अशा किरणोपचाराचंच काम शिकायचं होतं. पुण्यात प्रवेश मिळाला होता, उद्या होकार कळवायचा होता, आणि तिचे वडील दोधूभाऊ दसऱ्यापासून "देखू" म्हणत होते.

या घरातले निर्णय दगूबाई जेवण वाढताना नवऱ्याच्या कानाशी कुजबुजून करून घेत. आता तो कान रेघेपलीकडे होता.

"बाबा, अंतर दुप्पट व्हयनं का किरनं चौथाईच ऱ्हातंस," काजल सहज म्हणाली.

दोधूभाऊंना हे गणित फार आवडलं. खुर्ची आधी निंबाखाली गेली, मग फाटकाबाहेर, आणि दुपारच्या मऊ उन्हात थेट रस्त्यापलीकडे.

"दोन मीटर पुरतंस, बाबा!"

"चौथाईनी चौथाई बरी!"

दगूबाई हळूच काहीतरी बोलल्या.

"जोरमा बोल!"

"पोरले पुनाले धाडतस का नही?"

समोर गहू निवडणाऱ्या दिवलीबाईंचं सूप हवेतच राहिलं. केळीचा टेम्पो थांबला.

"धाडी द्या ना, भाऊ!" ड्रायव्हर म्हणाला.

"तू टेम्पो चालाड!" दोधूभाऊ ओरडले. मग आवाज जरा खाली आला. "पोर रोज त्या किरनंमा ऱ्हाई ना..."

"ती किरनं मन्हा गळामा शेतंस!" दगूबाई म्हणाल्या. "माले बरं करी ऱ्हायनात!"

"काजल, तठे भी रेघ ऱ्हास का?"

"रेघ ऱ्हास, शिसानी भिंत ऱ्हास. कितली किरनं लागनात ते मोजाले छातीवर बिल्ला ऱ्हास."

दोधूभाऊ उठले. फाटक, निंब, अंगण ओलांडून स्वप्नात चालावं तसे सावकाश आले आणि रेघेला अंगठा टेकवून उभे राहिले. दगूबाईंनी सवयीनं आवाज बारीक केला. पण फाटकाशी अख्खी गल्ली कान देऊन उभी होती.

"जाय पोरी, पुनाले जाय," दोधूभाऊ मोठ्यानं म्हणाले. "पन पयले मन्ही खुर्ची लई ये."